मंजूर डाग

स्वच्छता प्रोत्साहन मंडळाने आपल्या प्रत्येक कर्मचाऱ्याला एकेक माउस भेट देण्याचा निर्णय घेतला. निर्णय एकमताने झाला, कारण बैठक जेवणाच्या सुट्टीच्या तोंडावर होती. आदेशात मात्र माउस हा शब्द कुठेही नव्हता. "प्रचारमूल्ययुक्त हस्तचालित उपसाहित्य, नग पाच हजार, मंडळाच्या बोधचिन्हासह," एवढंच होतं. त्यामुळे ज्यांना ही ऑर्डर मिळाली, त्या बाबांना आपण नेमकं काय पुरवायचं आहे हेच सुरुवातीला कळेना. आईचा अंदाज झाडू असा होता. स्वच्छतेचं मंडळ, हातानं चालवायची वस्तू. दुसरं काय असणार? शेवटी बाबांनी मंडळात फोन लावला, तेव्हा पलीकडून एक आवाज कुजबुजला, "माउस हो, संगणकाचा माउस. पण मी सांगितलं असं कुठे बोलू नका."

बाबांचा कारखाना म्हणजे घरामागची एक लांबोडकी खोली. 'कारखाना' हा शब्द बाबांचा. आईचे भाऊ, म्हणजे मामा, या कारखान्याला 'तुमची ती खोली' म्हणत. त्या खोलीत इतरांच्या वस्तूंवर इतरांची नावं छापली जात. पेनांवर बँकांची, बाटल्यांवर व्यायामशाळांची, छत्र्यांवर विमा कंपन्यांची. एवढी नावं छापून झाली, पण खोलीच्या दारावर स्वतःचं नाव लावायला बाबांना कधी सवड झाली नव्हती. दारावरची पाटी कोरीच होती.

आई-बाबांची एकुलती एक मुलगी म्हणजे टिटवी. तिचं खरं नाव शाळेच्या हजेरीत होतं. घरात ती टिटवी, कारण एकदा सुरू झाली की आजूबाजूचे सगळे जागे होत. गेल्या वर्षीपर्यंत ती फक्त घरात बोलायची. यंदा शाळेच्या वादविवाद स्पर्धेत तिने प्रतिस्पर्ध्यांना तर सोडाच, परीक्षकांनाही गप्प केलं. त्या दिवशी तिला शोध लागला की आपल्याला कुठेही, कोणासमोरही बोलता येतं. तेव्हापासून तो शोध खरा आहे की नाही हे ती रोज तपासून पाहत होती.

मंडळाची ऑर्डर म्हणजे कारखान्याचा जीव की प्राण होती. पेनं कोणी घेईना, बाटल्यांचा हंगाम सरला होता, छपाईच्या पॅड मशीनवर धूळ बसायला लागली होती. ही ऑर्डर हातची गेली, तर खोलीला कुलूप आणि बाबा मामांच्या कंपनीत, असं ठरल्यासारखंच होतं. मामा दर रविवारी फोन करून सांगत, "भाऊजी, तुमच्यासाठी खुर्ची रिकामी ठेवलीय." मामांच्या कंपनीत रोज सकाळी सगळ्यांनी गोल उभं राहून टाळ्या वाजवत "आज मी जिंकणार!" असं ओरडावं लागे. कंपनी नेमकं काय विकते हे नातेवाइकांपैकी कोणालाच ठाऊक नव्हतं, पण टाळ्या लांबपर्यंत ऐकू जात. बाबांना टाळ्या वाजवता येत नसत. लग्नातसुद्धा त्यांनी नुसती मान हलवली होती.

तर बाबा आणि टिटवी माउस निवडायला घाऊक व्यापाऱ्याकडे गेले. व्यापाऱ्याने टेबलावर माउसांची रांग लावली.

"हा फारच हलका आहे," बाबा म्हणाले.

"हलका म्हणजे आधुनिक."

"आणि हा केवढा जड!"

"जड म्हणजे टिकाऊ."

"काका, याचं चाक फिरतच नाही," टिटवी म्हणाली.

"मग बोटाला किती आराम, बघ की!"

शेवटी त्यातल्या त्यात चाक फिरणारा एक पांढराशुभ्र माउस पसंत केला. मंडळाचं बोधचिन्ह निळं होतं: एक झाडू, त्यामागे उगवता सूर्य आणि खाली 'स्वच्छ टेबल, स्वच्छ विचार'. पांढऱ्यावर निळं उठून दिसेल, असं बाबांचं मत पडलं. ते खरंच ठरलं, पण जरा जास्तच.

नमुन्याचा पहिला माउस एका सकाळी छापून झाला. पॅड मशीन म्हणजे एक मऊ रबरी गोळा. तो खालच्या प्लेटवरून शाई उचलतो आणि वस्तूच्या पाठीवर अलगद टेकवतो. तो माउसवर टेकला, वर उठला, आणि झाडू-सूर्य असे काही झळकले की शाळेच्या गणवेशातली टिटवी "अय्या!" म्हणत पुढे झाली आणि तिने माउस उचलला. शाई ओली असताना हात लावायचा नसतो, हे तिला पाळण्यात असल्यापासून ठाऊक होतं. अंगठ्याला मात्र कोणी सांगितलं नव्हतं. बोधचिन्हाच्या काठाला तो टेकला, निळा झाला, आणि दचकून शेजारच्या पांढऱ्या जागेवर उमटला.

"बाबा! घाण केली मी."

बाबांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. मंडळाचा शिपाई दारात उभा होता आणि त्याला उशीर झाला होता. "राहू दे गं. नमुनाच आहे. नाकारतील, मग दुसरा देऊ."

बाबांना मंडळाची माहिती कमी होती. मंडळाने आजवर एकही वस्तू पाहून नाकारली नव्हती, कारण नाकारायची तर आधी पाहावी लागते. नमुना एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेला. वरच्याने खालच्याची सही बघितली, खालच्याने वरचा सही करणारच आहे हे बघितलं. अध्यक्षांनी सही करताना फक्त पेन चालतं का ते बघितलं. मग एका लिपिकाने नमुन्याचं वर्णनपत्र तयार केलं. हा एकच माणूस असा की ज्याने माउसकडे डोळे उघडून पाहिलं. पण सगळ्या सह्या झालेल्या वस्तूवर डाग असू शकतो, हे त्याच्या नोकरीत बसत नव्हतं. म्हणून त्याने लिहिलं: "मुख्य बोधचिन्हाच्या डाव्या अंगास तिरपी, अंडाकृती, सूक्ष्मरेषांकित, नीलवर्णी उपखूण." माउस काचेच्या डबीत गेला, डबीवर लाख ओतली, मोहोर उठली. नमुना मंजूर.

वर्णनपत्राची प्रत घरी आली, तेव्हा टिटवीने ती मोठ्याने वाचली. "आई, किती सुंदर लिहिलंय माझ्या अंगठ्याबद्दल! मराठीच्या बाईंनी माझ्या निबंधाबद्दलसुद्धा असं कधी लिहिलं नाही."

"अहो," आई बाबांना म्हणाली, "हे काही मला ठीक दिसत नाही."

"मंजूर झालंय ना? झालं तर मग," बाबा म्हणाले आणि कामाला लागले. पाच हजार माउस छापून झाले. शाई वाळेपर्यंत टिटवीला त्या खोलीत पाय टाकायची बंदी होती. एकाही माउसवर एक ठिपका नव्हता. खोक्यांची उतरंड छताला टेकली आणि बाबा अनेक महिन्यांनी शीळ घालत अंघोळीला गेले.

मग तपासनीस आले. एका हातात मोहोरबंद डबी, दुसऱ्या हातात भिंग. टिटवीने त्यांचं नाव लगेच 'भिंगवाले' ठेवलं. भिंगवाल्यांनी एक माउस उचलला, भिंगातून पाहिला, डबीत पाहिलं, पुन्हा माउस पाहिला.

"डाग कुठाय?"

"कुठेच नाही साहेब!" बाबा फुलून म्हणाले. "एकाही माउसवर सापडायचा नाही."

"तेच म्हणतोय मी." भिंगवाल्यांनी माउस खाली ठेवला. "नमुन्याप्रमाणे माल नाही. नामंजूर."

बाबांना आधी विनोद वाटला. मग त्यांनी भिंगवाल्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तिथे विनोदाला जागा नव्हती.

"साहेब, ते चुकून झालं होतं. मुलीचा हात लागला."

"चुकून? या नमुन्यावर अध्यक्षांपासून सगळ्यांच्या सह्या आहेत. एवढे सगळे चुकले, असं तुम्हाला लेखी म्हणायचंय?"

बाबांना असं लेखी काहीच म्हणायचं नव्हतं.

"पण साहेब, मंडळ स्वच्छतेचं! आणि डाग..."

"डाग तुम्ही म्हणताय. आमच्याकडे ती उपखूण आहे."

दुसऱ्या दिवशी बाबा मंडळाच्या कचेरीत गेले. टिटवीला सुट्टी होती, म्हणून तीही गेली. आत एक विलक्षण शांतता होती. सगळे कर्मचारी उजळलेल्या पडद्यांसमोर हाताची घडी घालून बसले होते. एक जण कळफलकावरचे बाण दाबत दाबत पडद्याच्या एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्याकडे निघाला होता आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत पोहोचेन अशी त्याला आशा होती.

खरेदी अधिकारी मॅडमनी खुर्ची दिली, पाणी दिलं आणि शांतपणे समजावलं.

"नमुना बदलायचा तर नमुना समितीची बैठक लागेल."

"मग घ्या ना, मॅडम."

"समिती बरखास्त झाली. नमुना मंजूर करणं एवढंच तिचं काम होतं, ते तिनं केलं."

"नवी नेमा."

"नेमणार ना! पण नवी समिती निवडायचं मतदान संगणकावर होतं. आणि नवे माउस येणार म्हणून जुने सगळे आम्ही भंगारात काढले."

टिटवीने बोटांवर हिशेब लावला. "म्हणजे मॅडम, नमुना बदलायचा तर आधी आमचे माउस घ्यावे लागतील. आणि घ्यायचे तर त्यांच्यावर डाग पाहिजे."

"बघा, मुलीला चटकन कळलं," मॅडम बाबांना कौतुकाने म्हणाल्या. "आणि माल वेळेत आला नाही तर ऑर्डर रद्द होईल, हेही तिला समजावून ठेवा."

घरी आल्यावर बाबा कोऱ्या पाटीखाली पायरीवर बसले. आतून फोन वाजत होता. रविवार नव्हता, तरी मामाच असणार.

"उचलू नका," टिटवी म्हणाली. "डाग पाहिजे ना त्यांना? डाग देऊ! डाग पाडायला काय लागतं?"

खरं म्हणजे पुष्कळ लागतं. बाबांनी आधी सुधारलेल्या मार्गाने प्रयत्न केला. काचेच्या डबीतल्या डागाचा फोटो काढून त्याची प्लेट बनवली आणि पॅड मशीनवर झकास डाग छापले. भिंगवाले आले, वाकले, सरळ झाले. "वर्णनपत्रात 'सूक्ष्मरेषांकित' आहे. यात ठिपके आहेत. रेषा आणि ठिपके यांत मंडळ फरक करतं. खरा अंगठा पाहिजे."

मग बाबांनी शाईत आपला अंगठा बुडवला. भिंगवाले म्हणाले, "रुंद." आईने हात पुसून तिचा दिला. "या अंगठ्यावर भाजी चिरताना कापल्याची आडवी रेघ आहे. जास्तीची रेघ म्हणजे जास्तीचा माल, तो घेता येत नाही." भिंगवाल्यांनी केवळ निःपक्षपातीपणा म्हणून स्वतःचाही अंगठा उमटवून पाहिला आणि नाकारला. नंतर विसरून खिशाला हात लावला. पांढऱ्या शर्टावर निळी, अंडाकृती उपखूण उमटली.

"काका, आता तुम्ही मंजूर," शाळेतून आलेली टिटवी दारातून म्हणाली.

"हिचा घ्या," आई म्हणाली. "मुळात हिचाच आहे तो."

टिटवीने दप्तर भिरकावलं आणि अंगठा पुढे केला. भिंगवाल्यांनी बराच वेळ भिंग खालीवर केलं. डबी, माउस, अंगठा. डबी, माउस, अंगठा. "जुळतं," ते शेवटी म्हणाले. मग त्यांच्या कपाळावर आठी पडली. "पण हा अंगठा मूळ पुरवठादाराकडून घेतलेला आहे ना?"

"मूळ पुरवठादार मीच," आई म्हणाली.

त्या दिवसापासून टिटवीच्या अंगठ्याला कामावर घेण्यात आलं. शाळेतून आली की खाऊन घ्यायचं आणि खोक्यांसमोर बसायचं. बाबा माउस पुढे सरकवत, ती अंगठा टेकवी, आई तो वाळवणीच्या फळीवर ठेवी. इतिहासाची चाचणी जवळ आली होती, म्हणून ती प्रत्येक माउसमागे एक सन पाठ करी. लढाया संपल्या, तह झाले, तरी माउस संपेनात. मध्येच ती थांबून म्हणे, "बाबा, आपण इतक्या वस्तूंवर इतक्यांची नावं छापली. पहिल्यांदाच आपल्या घरचं काहीतरी जातंय!" बाबा हसत आणि पुढचा माउस सरकवत. फोन वाजला की दोघंही न ऐकल्यासारखं करत.

"इतकी शिकवली पोरीला," आई उसासा टाकून म्हणे, "आणि शेवटी अंगठाच लावतेय."

शाई अंगठ्यावरून जाईना. साबण झाला, घासणी झाली. ती जाणारच नव्हती; कितीही धुतली तरी जाणार नाही, अशी हमी बाबांनीच मंडळाला दिली होती.

शाळेत हजेरीचं यंत्र होतं. त्यावर अंगठा ठेवायचा, मग हिरवा दिवा लागायचा आणि आपण शाळेत आहोत असं शाळेला कळायचं. टिटवीने निळा अंगठा ठेवला. लाल दिवा. पुन्हा ठेवला. यंत्राने एक छोटासा, दुखावलेला आवाज काढला.

"बाई, यंत्र मला ओळखत नाही."

वर्गशिक्षिका स्वभावाने फार प्रेमळ होत्या. त्यांनी पडद्यावर पाहिलं. "बाळा, तू आज गैरहजर आहेस."

"बाई, मी इथे उभी आहे."

"ते मला दिसतंय गं. पण मला दिसून काय उपयोग? बस तू. फक्त उत्तरं देऊ नकोस हं, गैरहजर मुलींची उत्तरं धरता येत नाहीत."

आयुष्यात नुकताच आवाज सापडलेल्या मुलीला गप्प बसवायला एक लाल दिवा पुरला. एकाच अंगठ्याला एका कचेरीने भिंगाखाली घालून मान्यता दिली होती आणि शाळेच्या यंत्राने ओळख नाकारली होती. टिटवीने वहीच्या कोपऱ्यात यावर वादविवादाचा मुद्दा लिहून ठेवला. तेवढं गैरहजर मुलीला करता येत होतं.

शेवटचा माउस झाला. भिंगवाल्यांनी खोक्यांतून मधलेच काही माउस काढून तपासले, मान डोलावली, पण स्वीकृतीचा शिक्का मारला नाही. "शिक्का वाटपाच्या समारंभात, अध्यक्षांच्या हस्ते. तोवर माल तात्पुरता मंजूर. आणि दुरुस्तीसाठी शाई जवळ ठेवा." आईने शाईची बाटली पर्समध्ये टाकली. आईच्या पर्समध्ये सुई, दोरा, गोळ्या आणि टाचण्या आधीच होत्या; बाटलीला सोबत मिळाली.

समारंभाच्या दिवशी सभागृह भरेना, म्हणून मंडळाने टिटवीच्याच शाळेतून मुलं मागवली. टिटवी वर्गासोबत गणवेशात आली. आदल्या दिवसांप्रमाणे ती गैरहजरच होती, पण बस भरायला चालत होती. आई-बाबा पुरवठादारांच्या बाजूच्या रांगेत बसले होते. त्यांच्या मागे मामाही होते. "आलोच होतो या बाजूला," ते म्हणाले. "भाऊजी, खुर्ची अजून रिकामी आहे बरं का."

अध्यक्ष भाषणाला उठले. कोणीतरी लिहून दिलेलं भाषण होतं आणि ते छान होतं.

"मित्रहो, या माउसवर आपल्या बोधचिन्हाशेजारी एक निळी खूण आहे. काय आहे ही खूण? हा आहे निर्मळ पाण्याचा थेंब! दीर्घ चिंतनातून साकारलेला! हा थेंब ज्याच्या हाताखाली असेल, त्याचे हात कधीही..." असं म्हणत त्यांनी आपला माउस उंच धरला आणि स्वतःच वर पाहिलं.

माउसवर थेंब नव्हता.

घडलं होतं एवढंच: अध्यक्षांचा स्वीय सहायक कर्तव्यदक्ष होता. साहेबांच्या माउसवर डाग पाहून त्याला घाम फुटला होता आणि नखांचा रंग काढायच्या औषधाने त्याने तो सकाळीच पुसून लखलखीत केला होता. संपूर्ण मंडळात स्वच्छतेचं काम केलेला तो पहिलाच माणूस. आता तो खांबामागे उभा होता.

"माझ्यावरच नाही?" अध्यक्ष ध्वनिक्षेपकात म्हणाले. "सगळ्यांना खरे आणि मला नकली?"

भिंगवाले मंचावर धावले. भिंग लावलं. "कोरा पांढरा. नमुन्याशी विसंगत. आणि एक नग विसंगत, तर नियमाने सगळा माल..."

बाबांचा चेहरा त्या माउसहून पांढरा पडला. मागून मामांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "सकाळी लवकर या. टाळ्या आठला सुरू होतात."

टिटवीने ते ऐकलं. तिने रांग ओलांडली, आईच्या पर्समध्ये हात घातला, टाचण्या बोटाला टोचल्या तरी बाटली काढली आणि मंचाच्या पायऱ्या चढली. "अगं ए!" वर्गशिक्षिका ओरडल्या, पण गैरहजर मुलीला अडवायचं तरी कोणत्या नियमाने? तिने अंगठा शाईत बुडवला, अध्यक्षांच्या हातातल्या माउसवर टेकवला आणि ध्वनिक्षेपकासमोर उभी राहिली.

"हा थेंबबिंब काही नाही. हा माझा अंगठा आहे. शाई ओली होती, मी हात लावला, डाग पडला. तुम्ही कोणी बघितलं नाही आणि सह्या केल्या. आता आहे ना प्रत्येकावर? मग माझ्या बाबांना शिक्का द्या."

सभागृहात टाचणी पडली असती तर ऐकू आली असती. पण टाचण्या आईच्या पर्समध्ये होत्या. बाबांनी डोळे मिटून घेतले. आईने मिटले नाहीत. अध्यक्षांनी माउसकडे पाहिलं, अंगठ्याकडे पाहिलं, मग खरेदी अधिकारी मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी नोकरीत पुष्कळ काही सांभाळलं होतं. त्या पुढे झाल्या.

"आणि हा होता," त्या हसून म्हणाल्या, "आजच्या कार्यक्रमाचा मुख्य भाग: उपखूण-अर्पण सोहळा! शालेय विद्यार्थिनीच्या हस्ते!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. अध्यक्षांच्या जिवात जीव आला आणि पाठोपाठ आवाजही.

"ऐकलंत? काय म्हणाली ही लेक? 'हा माझा अंगठा आहे!' मित्रहो, हीच ती भावना! मंडळाच्या प्रत्येक माणसाला वाटलं पाहिजे, हा माझा अंगठा आहे! म्हणा माझ्याबरोबर!"

"हा माझा अंगठा आहे!" सभागृह उभं राहून म्हणालं.

"अहो, पण तो खरंच माझा..." टिटवी म्हणाली.

"हा माझा अंगठा आहे!" मामा टाळ्या वाजवत सगळ्यांत मोठ्याने म्हणाले. असल्या कामाचा सराव फक्त त्यांनाच होता. इतक्यात भिंगवाल्यांनी कोट काढला. आतल्या शर्टाच्या खिशावर त्या दिवशीचा निळा डाग तसाच होता. कोणीतरी आदराने विचारलं, "साहेब, तुम्हाला उपखूण आधीच मिळाली?" झालं! मंचाच्या पायऱ्यांवर रांग लागली. स्वच्छता मंडळाचे झाडून सगळे अधिकारी पांढरे शर्ट पुढे करून उभे राहिले. "बाळ, ठसा जरा मोठा दे हं, मी वर्ग एकचा आहे," एक साहेब म्हणाले. अध्यक्षांनी तो कॉलरवर घेतला. त्या गडबडीत शिक्का पडला आणि बाबा, ज्यांना टाळ्या वाजवता येत नसत, ते कोणी सांगितलं नसताना टाळ्या वाजवताना दिसले.

टिटवी खरं बोलली होती, मोठ्याने बोलली होती, आणि ध्वनिक्षेपकातून बोलली होती. त्यातून तिला एवढंच कळलं, की खरं बोलायला आवाज लागतो हे अर्धंच आहे. ऐकणाऱ्याने त्याचा कार्यक्रम करू नये, याला कुठलाच आवाज पुरत नाही. पण शिक्का मिळाला होता. ती खाली उतरली आणि पोट धरून हसली.

पुढचं सगळं रीतसर झालं. उपखूण पुसणं हे गैरवर्तन ठरवणारं परिपत्रक निघालं. उपखुणेवर धूळ बसू नये म्हणून प्लास्टिकची आवरणं आली. ती छापायचं कामही बाबांनाच मिळालं. बँका 'जरासा डाग असलेली' पेनं मागू लागल्या. स्वच्छ छत्री ही विमा कंपनीला स्वस्तातली वाटू लागली. मामांनी एका रविवारी फोन केला तो खुर्चीबद्दल नव्हता. "भाऊजी, आमच्या सगळ्या स्टाफच्या शर्टांचं बघा ना काहीतरी. घरचं काम समजून."

"रांगेत या," बाबा म्हणाले.

शाळेने टिटवीचा सत्कार ठेवला. पण त्या दिवशीही यंत्राने लाल दिवा दाखवला, त्यामुळे सत्कार तिच्या बाकावरच्या मैत्रिणीने स्वीकारला. टिटवीने गैरहजर राहून जोरात टाळ्या वाजवल्या.

आणि परवाच मंडळाचं पत्र आलं. पुढील सर्व पुरवठा मोहोरबंद नमुन्याबरहुकूमच व्हायचा असल्याने "सदर अंगठ्याच्या आकारमानात मंडळाच्या पूर्वपरवानगीशिवाय वाढ होऊ देऊ नये," असं त्यात म्हटलं होतं. टिटवीने ते भिंतीवर चिकटवलं, त्याशेजारी पेन्सिलीने आपल्या उंचीची नवी खूण केली आणि बाबांकडे शिडी मागितली. दारावरच्या कोऱ्या पाटीवर तिने मधोमध अंगठा उमटवला. खाली नाव लिहायची गरज कोणालाच वाटली नाही.

आता तुमच्याकडे येऊ. कचेरीत असाल, घरी असाल, हाताखाली माउस असेलच. त्याच्या डाव्या अंगाला पाहा. तिरपी, अंडाकृती, निळी खूण असेल तर पुसू नका, परिपत्रक लागू आहे. आणि काहीच नसेल, अगदी स्वच्छ असेल, तर आत्ता तुमच्या मनात जे आलं, की 'सगळ्यांना मिळाली आणि आपल्यालाच कशी नाही?', त्याची लाज वाटून घेऊ नका. ते सगळ्यांच्याच मनात येतं. टिटवी शनिवारी दुपारी घरी असते. फक्त येताना धुतलेला, पांढरा शर्ट घालून या.